कचऱ्यातून वीज बनते म्हणतात, मग अडतं कुठे?

दर काही महिन्यांनी ही बातमी येतेच. कुठल्यातरी देशातलं कुठलंतरी शहर रोजच्या कचऱ्यापासून वीज बनवणार, इतके टन कचरा, तितके मेगावॅट, फीत कापतानाचा फोटो, आणि वाचणाऱ्याला वाटतं चला, एका दगडात दोन पक्षी, घाण पण गेली आणि दिवे पण लागले. मग तीनचार वर्षांनी कोणीतरी सहज विचारतं की त्या प्लांटचं पुढे काय झालं हो, तर कळतं की तो अर्ध्या क्षमतेने चालतोय, किंवा बंद आहे, किंवा प्रकरण कोर्टात आहे. श्रीमंत देशांत मात्र असेच प्लांट तीसतीस वर्षं निवांत चालतात, भर शहरात चालतात. मशीन साधारण तेच, बनवणारी कंपनी पण बऱ्याचदा तीच. मग घोडं पेंड खातं कुठे?

माझं उत्तर एका शब्दाचं आहे, पाणी. कचऱ्यातलं पाणी. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं म्हणजे धूर, पैसा, भांडणं वगैरे बऱ्यापैकी आपोआप कळत जातं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मशीन तसं फार गूढ नाहीये. औष्णिक वीज केंद्र असतं तसंच हे, फक्त कोळशाच्या जागी कचरा. गाड्या येऊन एका प्रचंड खड्ड्यात कचरा ओततात, वरून क्रेन तो उचलून भट्टीच्या तोंडात टाकते, भट्टीत एक तिरकी सरकती जाळी असते पायऱ्यांसारखी, तिच्यावरून कचरा हळूहळू खाली सरकत जातो, पहिल्या टप्प्यात वाळतो, मधल्या टप्प्यात धडाधड जळतो, शेवटी नुसते निखारे उरतात आणि खाली राख पडते. वरच्या गरम धुरावर बॉयलरमधलं पाणी उकळतं, वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते, वीज तयार. उरलेला धूर साफ करून चिमणीतून बाहेर. बास, एवढंच. त्यातला 'वाळतो' हा शब्द मात्र धरून ठेवा.

आता एक किलो ओला कचरा घ्या, म्हणजे साली, देठं, उरलंसुरलं अन्न. त्यात पाऊण किलो तर नुसतं पाणीच असतं. उरला पाव किलो सुका ऐवज, तो पूर्ण जळला तर जेमतेम १००० किलोकॅलरी उष्णता देईल. पण तो जळायच्या आधी ते पाऊण किलो पाणी वाफ होऊन उडायला पाहिजे ना, आणि एक किलो पाणी उडवायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे पाऊण किलोचे ४५० गेले. हातात राहिले ५५०. जागतिक बँकेने १९९९ मध्ये कचरा जाळणाऱ्या प्लांटबद्दल एक मार्गदर्शिका काढली होती, तिच्यात सरळ लिहिलंय की कचऱ्यातून मिळणारी उष्णता वर्षाच्या सरासरीने किलोमागे ७ मेगाज्यूल तरी हवी आणि कुठल्याही ऋतूत ती ६ च्या खाली जाऊ नये. किलोकॅलरीत सांगायचं तर साधारण १६७० आणि १४३०. कुठे ते आणि कुठे आपले ५५०! 'कुठल्याही ऋतूत' हे शब्दसुद्धा उगाच नाही घातलेले, कारण जिथे चारचार महिने पाऊस पडतो आणि कचराकुंड्या उघड्या असतात तिथे कागदपुठ्ठा पण स्पंजासारखा भिजून येतो, म्हणजे ज्याच्यावर भिस्त होती तोच पाण्यात.

अर्थात कुठल्याच शहराचा कचरा शंभर टक्के ओला नसतो. पण प्रमाण बघा. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात श्रीमंत देशांच्या कचऱ्यात अन्न आणि पालापाचोळा ३२ टक्के आहे, आणि गरीब देशांत ५७ टक्के. कारण उघड आहे, जिथे पैसा जास्त तिथे वेष्टनं, खोकी, डबे, कागद जास्त, म्हणजे कोरडा आणि जळणारा माल. जिथे पैसा कमी तिथे लोक स्वयंपाक घरी करतात, खोकं फेकून न देता पुन्हा वापरतात, बाटली विकतात. शहाणपणाचंच वागणं आहे ते, फक्त भट्टीच्या सोयीचं नाही. शिवाय रस्ते झाडलेली माती, बांधकामाचा राडारोडा, नाल्यातला गाळ हे सगळं त्याच गाडीत येतं, आणि माती काही जळत नाही, ती उष्णता खाते, जाळी घासून काढते आणि शेवटी राखेचं वजन वाढवते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दिल्लीतलं आहे. तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञान आणून रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॅट वीज काढायची असा प्लांट उभा केला. डिझाईन धरलं होतं किलोला १४६० च्या आसपास किलोकॅलरी देणाऱ्या कचऱ्याचं. प्रत्यक्षात गाड्यांमधून जे आलं ते ६०० ते ७०० वालं. वरचा आपला हिशोब आठवा. प्लांट २१ दिवस चालला. वर्षं नाही हो, दिवस. मशीन खराब नव्हतं, माणसं पण कामचुकार नव्हती, फक्त ज्या कचऱ्यासाठी भट्टी बांधली तो कचरा त्या शहरात नव्हताच. कचऱ्याचा नमुना वर्षभर, प्रत्येक ऋतूत, वेगवेगळ्या वस्त्यांतून घेऊन तपासणं हे काम तुलनेने इतकं स्वस्त असतं की ते धड न करता एवढी मोठी भट्टी कशी काय विकत घेतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बरं, कोरडा माल मुळात नसतोच असं पण नाही. तो असतो, पण भट्टीपर्यंत पोचत नाही. जागतिक बँकेच्या अंदाजाने जगभरात दीड कोटीहून जास्त लोक कचरा वेचून पोट भरतात, आणि हे लोक नेमकं काय उचलतात तर प्लास्टिक, पुठ्ठा, कागद, धातू. आता एक किलो कोरड्या प्लास्टिक पिशव्या जाळल्या तर १०,००० च्या आसपास किलोकॅलरी मिळतात, चांगल्या कोळशापेक्षा जास्त. म्हणजे वेचणाऱ्याच्या पोत्यात जे गेलं तेच भट्टीचं पक्वान्न होतं. इथे खरी टक्कर आहे. प्लांटवाल्याला वाटतं माझं इंधन पळवलं, वेचणाऱ्याला वाटतं माझी मजुरी जाळली, आणि खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इजिप्तच्या कैरोमध्ये झब्बालीन नावाचा समाज कित्येक दशकं घरोघरचा कचरा गोळा करत आला, त्यातला ८० टक्क्यांपर्यंत ते पुन्हा वापरात आणतात असं सांगितलं जातं. २००३ च्या सुमाराला सरकारने परदेशी कंपन्यांना कचऱ्याचे ठेके दिले आणि या लोकांच्या पोटावर पाय आला. तिथे भट्टीचा प्रश्न नव्हता, नुसत्या ठेक्याचा होता, तरी एवढं झालं. माझं मत विचाराल तर ज्या बाटलीची पुन्हा बाटली किंवा धागा होऊ शकतो ती जाळणं म्हणजे नोटा पेटवून हात शेकणं आहे. जाळायचंच असेल तर जे कोणीच उचलत नाही ते जाळा, म्हणजे मळकं पातळ प्लास्टिक, फाटकी चिंधी, थर्माकोल, एकावर एक थर चिकटवलेली पाकिटं.

मग ओल्या कचऱ्याच्या देशात हे प्लांट कधीच चालत नाहीत का? चालतात, आणि चीनने ते चालवून दाखवलंय. त्यांचा पहिला मोठा प्लांट शेन्झेनमध्ये १९८८ साली जपानी भट्ट्या आणून सुरू झाला, आणि आज जगातले सगळ्यात जास्त असे प्लांट चीनमध्येच आहेत. त्यांचा कचरा पण आपल्या ५५० वाल्या हिशोबाचाच भाऊ होता, मग त्यांनी काय केलं तर घाई सोडली. युरोपात खड्ड्यातला कचरा क्रेन लगेच उचलून भट्टीत टाकू शकते, चीनमध्ये तो त्याच खड्ड्यात पाच ते सात दिवस मुरत ठेवतात.

हा खड्डा, म्हणजे बंकर, जरा जवळून बघण्यासारखा असतो. कित्येक मजले खोल, त्यात कचऱ्याचे डोंगर, वरती रुळांवर चालणारी क्रेन आणि तिला लटकलेला पाकळ्यांचा लोखंडी पंजा. ऑपरेटर काचेच्या मागे खुर्चीत बसलेला, दोन्ही हातांत दोन दांडे. लोकांना वाटतं त्याचं काम कचरा भट्टीत टाकणं, पण दिवसातला बराच वेळ तो भट्टीत काहीच टाकत नसतो, तो एका कोपऱ्यातून पंजा भरून उचलतो, उंच नेतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सोडून देतो, परत उचलतो, परत सोडतो. पिशव्या फुटतात, ओलं आणि कोरडं एकमेकांत मिसळतं, भट्टीला एकसारखा घास मिळतो. तळाला उतार आणि जाळ्या असतात, तिथून काळपट आंबूस पाणी झिरपून वेगळ्या टाकीत जातं. त्याला लीचेट म्हणतात. चिनी प्लांटमध्ये हे लीचेट आलेल्या कचऱ्याच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भरतं. म्हणजे १००० टनांच्या प्लांटवर रोज दीडशे ते अडीचशे टन नुसतं पाणी आगीच्या आधीच बाजूला होतं. शिवाय आत सडण्याची क्रिया चालू झाल्यामुळे ढीग आतून गरम होतो आणि आणखी सुटा पडतो. आणि तो भयंकर वास बाहेर का येत नाही, तर भट्टीला लागणारी हवा याच हॉलमधून ओढून घेतात, त्यामुळे दरवाजा उघडला तरी हवा आत जाते, बाहेर येत नाही. मला तरी अख्ख्या प्लांटमधली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, एका पंख्यात दोन कामं.

आता वीज किती, कारण आकडे ऐकले की भले भले गार पडतात. समजा कचरा चांगला १६७० किलोकॅलरीवाला आहे. त्याच्या एका टनातून उष्णता म्हणून १९४० युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास) निघतात, पण टर्बाईनपर्यंत जाऊन वीज होते त्यातली वीसबावीस टक्केच, कारण कचऱ्याच्या धुरात पीव्हीसीचं आणि मिठाचं क्लोरीन असतं आणि ते बॉयलरच्या नळ्या खातं, म्हणून वाफ ४०० अंशांच्या आसपासच ठेवतात, कोळशाच्या केंद्रात ती ५४० च्या वर नेता येते. म्हणजे झाले सव्वाचारशे युनिट. त्यातून पंखे, पंप, क्रेन, धुराची सफाई यांना प्लांटच पंधरावीस टक्के खातो. बाहेर पडतात साडेतीनशे. एक माणूस दिवसाला अर्धा किलो कचरा करत असेल तर त्याच्या वाट्याला आले पावणेदोनशे वॅट-तास, म्हणजे ९ वॅटचा एक एलईडी बल्ब १९ तास चालेल. एवढंच. वीस लाख वस्तीच्या शहराचा रोजचा १००० टन कचरा २४ तास जाळत बसलात तर १४-१५ मेगावॅट, आणि आजकालच्या कोळशाच्या केंद्रातला एकच संच ६६० मेगावॅटचा असतो. तेव्हा 'कचऱ्यातून शहर उजळणार' वगैरे कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

चीनच्या सरकारला हे पक्कं माहीत होतं. २०१२ मध्ये त्यांनी नियम केला की कचऱ्याच्या विजेला युनिटमागे ०.६५ युआन असा चढा दर मिळेल, पण एका टन कचऱ्यामागे फक्त पहिल्या २८० युनिटांना, त्याच्या वरच्या विजेला कोळशाच्या विजेइतकाच दर. असं का? तर काही प्लांटवाले भट्टीत गुपचूप कोळसा ढकलून 'कचऱ्याची वीज' म्हणून विकू शकत होते. २८० चं कुंपण घातल्यावर त्या खेळातला फायदाच गेला. एवढ्या छोट्या नियमात केवढा अनुभव भरलाय बघा.

मग एवढीशी वीज मिळणार असेल तर शहरं याच्या मागे का लागतात? कारण वीज हा जोडधंदा आहे, मूळ दुखणं डम्पिंगच्या डोंगराचं आहे. जाळल्यावर कचऱ्याचं आकारमान ९० टक्क्यांपर्यंत कमी होतं, आणि ज्या शहराकडे कचरा टाकायला जागा उरलेली नाही त्याच्यासाठी हे विजेपेक्षा मोठं आहे. डोंगर नुसते घाणेरडे नसतात, ते मारतात. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजाहचा कचऱ्याचा डोंगर २१ फेब्रुवारी २००५ ला मुसळधार पावसानंतर कोसळला, आत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला, १४० हून जास्त माणसं गाडली गेली. आता तो दिवस तिथे राष्ट्रीय कचरा दिवस म्हणून पाळतात. इथिओपियात आदिस अबाबाच्या कोशे डम्पवर मार्च २०१७ मध्ये तेच, ११० हून जास्त मृत्यू, ज्यांची घरं ढिगाच्या पायथ्याशी होती ते. आणि याच कोशेला लागून त्या वेळी रेप्पी नावाचा प्लांट बांधून होत आला होता, आफ्रिकेतला असा पहिला मोठा, रोज १४०० टन कचरा घेणारा. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. गंमत म्हणजे इथिओपियाची जवळपास सगळी वीज धरणांमधून येते आणि ती स्वस्त आहे, म्हणजे कचऱ्याच्या विजेला तिथे बाजारात स्पर्धा कोणाची तर वाहत्या पाण्याची. विजेच्या हिशोबाने तो प्लांट कधीच पटणार नाही, कोशेच्या हिशोबाने पटेल.

इथे पैशाचा मुद्दा येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. युरोपात प्लांटची मोठी कमाई टिपिंग फीची असते, म्हणजे कचरा आणून टाकणाऱ्याने टनामागे प्लांटला पैसे मोजायचे, वीज आणि गरम पाणी विकून मिळतं ते वरचं. तिथे लोक पैसे मोजतात कारण दुसरीकडे कुठे टाकायची सोय त्याहून महाग करून ठेवलीय. गरीब देशांत ९३ टक्के कचरा उघड्यावर टाकतात आणि तो फुकट पडतो. फुकटाशी कोण स्पर्धा करणार? त्यात तिथल्या नगरपालिकांचं सरासरी २० टक्के बजेट कचऱ्यावरच जातं, आणि तेही मुख्यतः गोळा करून वाहून नेण्यातच संपतं, जाळायला काही उरत नाही. मग कंपनी सांगते की आम्हाला फी नको, फक्त वीज चढ्या दराने घ्या आणि वीसपंचवीस वर्षं रोज इतके टन कचरा द्यायची हमी द्या, आणि सही करणाऱ्याला वाटतं फुकटात काम झालं. पण त्या हमीतच फास आहे. दहा वर्षांनी शहराने ठरवलं की ओला कचरा वेगळा करू, खत करू, प्लास्टिक परत वापरू, तर ठरलेले टन भरत नाहीत आणि शहरच दंड भरतं, म्हणजे कचरा कमी केल्याची शिक्षा. करार वाचताना मेगावॅट नंतर बघा, आधी हे हमीचं कलम बघा.

धुराबद्दल दोन टोकं ऐकू येतात, एक म्हणतो चिमणीतून फक्त वाफ येते, दुसरा म्हणतो शेजारची सगळी माणसं मरणार. खरं काय ते तापमानावर ठरतं. प्लास्टिक, मीठ, ओलं सगळं एकत्र अर्धवट जळलं की डायऑक्सिन नावाची फार विषारी रसायनं तयार होतात. जळताना निघालेला वायू ८५० अंशांच्या वर किमान दोन सेकंद राहिला तर ती मोडतात. पण धूर थंड होताना साधारण ४०० ते २५० अंशांच्या पट्ट्यात ती राखेच्या कणांवर पुन्हा जमू शकतात, म्हणून धूर त्या पट्ट्यातून झटकन पार करावा लागतो, मग चुन्याने आम्ल मारायचं, कोळशाच्या बारीक भुकटीला विष चिकटू द्यायचं आणि कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये सगळं अडवायचं. नियम कागदावर कडकच आहेत, युरोप, चीन आणि भारत तिघांकडेही डायऑक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. आता परत पाणी आठवा. ओला कचरा आला की भट्टीचं तापमान पडतं, ८५० राखायचं तर डिझेल किंवा गॅसचे बर्नर पेटवावे लागतात, त्याला पैसे लागतात, आणि रात्री दोन वाजता बर्नर चालू आहे की नाही हे बघायला कोण जातंय? त्यात डायऑक्सिन हे धुळीसारखं किंवा तापमानासारखं दर मिनिटाला मोजता येत नाही, नमुना घेऊन महागड्या लॅबला पाठवावा लागतो, वर्षातून मोजक्या वेळा. म्हणजे वर्षभरातले ते मोजके दिवस सोडले तर सगळा भरवसा तापमानाच्या नोंदीवर. म्हणून चीनने प्लांटना भट्टीचं तापमान आणि धुराचे आकडे इंटरनेटवर उघड करायला लावले आणि गेटवर लोकांना दिसेल असा बोर्ड बसवायला लावला, हे मला फिल्टरइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे सांगायला हवी, डम्पवर रोज जी उघडी आग धुमसत असते तिच्यात ना ८५० अंश, ना फिल्टर, ना चिमणी, तिचं विष सरळ वस्तीत उतरतं. राखेचंही तसंच, जाळीखालची राख वजनाच्या पाव हिस्स्याच्या आसपास असते आणि ती बरीचशी निरुपद्रवी, पण फिल्टरमध्ये अडकलेली बारीक राख मात्र धोकादायक माल आहे आणि ती कुठे पुरतात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की अरे मग ओलं जाळताच कशाला, ओल्याचा बायोगॅस करा. अगदी बरोबर, पाणी जिथे दुश्मन नसून दोस्त आहे असा रस्ता हाच. बंद टाकीत, हवा न लागू देता, जंतू अन्न कुजवतात आणि मिथेन देतात. एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यातून १०० घनमीटरच्या आसपास गॅस निघतो, इंजिनवर चालवला तर २०० एक युनिट वीज. शिवाय उरते ती स्लरी म्हणजे पातळ लगदा, तिचं खत. पण 'स्वच्छ' हा शब्द इथे जीव खातो. टाकीतले जंतू नाजूक असतात, एका दिवशी जास्त भरलं तर आम्ल वाढतं आणि अख्खी टाकी आंबून बसते, मग आठवडेच्या आठवडे सावरत बसा. आणि प्लास्टिक, काच, माती आत गेली की ढवळणारी यंत्रं अडकतात, तळाला गाळाचा थर चढतो. लखनौला २००३ मध्ये ५ मेगावॅटचा असा प्लांट उभा राहिला, त्याला हवा तसा निवडलेला कचरा मिळालाच नाही आणि तो बंद पडला. तिमारपूरची भट्टी पाण्याने विझली, लखनौची टाकी मातीने. उलट इंदूरला २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायोगॅस प्लांट सुरू झाला तो चालला, कारण तिथे घराच्या दारातच ओलं आणि सुकं वेगळं होत होतं आणि ती सवय प्लांटच्या आधीच लागली होती. आणि त्यांनी गॅसची वीज करत बसण्यापेक्षा तो शुद्ध करून बसगाड्यांत भरला, जे जास्त शहाणपणाचं आहे, कारण इंजिनवर वीज करताना साठ टक्के ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते.

तिसरा रस्ता जुन्या ढिगातला गॅस काढण्याचा, तो थोडक्यात सांगतो. पुरलेला कचरा वर्षानुवर्षं आत कुजून मिथेन सोडतच असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट जास्त तापवतो. ढिगात भोकं पाडून पाईप घालायचे, वरून मातीचं आणि प्लास्टिकचं झाकण, गॅस ओढून इंजिनला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या डम्पांमधून साडेसात मेगावॅट वीज अशी काढली, मेक्सिकोत मॉन्टेरे शहर २००३ पासून हे करतंय. डर्बनचं गणित कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे हवेत जाणारा तापवणारा वायू रोखल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, पैशावर जुळवलेलं होतं, आणि त्या क्रेडिटचा बाजार २०१२ च्या आसपास कोसळला. शिवाय तिथल्या मुख्य डम्पला लागून राहणाऱ्यांचं म्हणणं वेगळंच होतं, आम्हाला गॅस नको, वीज नको, डम्प बंद करा. प्रकल्पाच्या कागदात या वाक्याला रकाना नसतो.

परत चीनवर येतो, कारण पुढे काय होतं ते तिथे दिसलंय. १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये ओला कचरा वेगळा ठेवणं सक्तीचं झालं. लोक वैतागले, पण झालं. ओलं गेलं बायोगॅसच्या टाक्यांकडे, भट्टीकडे जाणारा कचरा एकदम कोरडा आणि जास्त तापणारा झाला. म्हणजे ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तेच. आणि आता नवीन पंचाईत ऐका. बॉयलर किती टन आले यावर भरत नाही, किती उष्णता आली यावर भरतो, त्यामुळे कमी उष्णतेच्या कचऱ्यासाठी बांधलेल्या भट्टीत जास्त उष्णतेचा कचरा घातला की ती रोजचे टन कमी घेते. टनावर फी घेणाऱ्याचं नुकसान. आणि दुसरीकडे देशभर इतके प्लांट बांधून झालेत की बऱ्याच ठिकाणी कचराच कमी पडायला लागला. मग आता काही प्लांट काय करतात तर वीसवीस वर्षांपूर्वी बुजवलेले डम्प परत उकरतात, माती चाळून काढतात, वर उरलेलं जुनं प्लास्टिक आणि चिंध्या गाडीत भरून बंकरमध्ये आणून ओततात, आणि क्रेनवाला ते पंजाने उचलून आजच्या कचऱ्यात कालवत बसतो.